ब्लेअर कॅसल: स्वतःच्याच घराला वेढा घालणारा लॉर्ड जॉर्ज मरे

स्कॉटलंडला जाणारे आपल्यातले बरेचजण एडिनबरा आणि लॉक नेस पाहून परततात. वाटेत पर्थशायरमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉलला उतराच, असं मी आग्रहानं सांगेन. कारण लॉर्ड जॉर्ज मरे.

पहिल्या ड्यूक ऑफ अ‍ॅथॉलचा हा मुलगा, जन्म १६९४ चा. मोठा भाऊ विल्यम १७१५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या उठावात सामील झाला, त्यामुळे त्याचा वारसा गेला आणि पुढे ड्यूकपद सरकारनिष्ठ भाऊ जेम्सकडे आलं. १७४५ मध्ये विल्यम नव्या बंडासाठी स्टुअर्ट घराण्यातल्या प्रिन्स चार्ल्सबरोबर परतला, तेव्हा जेम्सनं ब्लेअर सोडलं. जुन्या बंडांची माफी मिळालेला, संसारात स्थिरावलेला जॉर्जही चार्ल्सला जाऊन मिळाला आणि त्याचा सर्वांत कुशल सेनानी ठरला.

मार्च १७४६ मध्ये ब्लेअरमध्ये सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यूची सरकारी शिबंदी होती. जॉर्जनं वेढा घातला आणि वडिलांच्या वाड्यावर तापवून लाल केलेले गोळे डागले. पडलेले गोळे शिपाई उचलून विझवत. वाडा पडला नाही. जिथे पुढे जॅकोबाइट हरले त्या कलोडनच्या लढाईसाठी त्याला परत बोलावलं गेलं. मिळकत वाचवायला मरे घराण्यानं ठरवून दोन्हीकडे माणसं ठेवली, असं काहीजण म्हणतात. ते मला पटत नाही. ठरवून खेळणारा माणूस आपलंच छप्पर पेटवायला निघत नाही.

आत जाण्यापूर्वी एक ध्यानात ठेवा. फोटोत दिसणारे बुरूज-मनोरे एकोणिसाव्या शतकात नव्यानं चढवलेले आहेत. जेम्सनं मधल्या काळात जुने बुरूज काढून साधं जॉर्जियन घर केलं होतं. त्याचा काळ पाहायचा तर जिन्यावरचं आणि जेवणाच्या दालनातलं चुन्याचं नक्षीकाम निवांत बघा. मग हर्क्युलिस गार्डनमध्ये जा. ती बागही त्याचीच.

रेल्वे स्टेशनपासून किल्ला चालण्याजोगा आहे. एडिनबराहून गाडीला साधारण दोन तास लागतात, पण इन्व्हरनेसची प्रत्येक गाडी इथे थांबेलच असं नाही. परतीची वेळ आधी पाहून ठेवा. हिवाळ्यात किल्ला सहसा बंद असतो. मेअखेरीस गेलात तर ड्यूकच्या खासगी सैन्याचं, अ‍ॅथॉल हायलँडर्सचं संचलन पाहायला मिळू शकतं. पावसाचं जाकीट उन्हाळ्यातही हवं.

जॉर्ज कलोडननंतर परागंदा झाला आणि १७६० मध्ये हॉलंडमधल्या मेडेम्ब्लिकला वारला. विल्यम १७४६ मध्येच टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत असताना वारला. जॉर्जचा मुलगा जॉन मात्र चुलतबहिणीशी, जेम्सच्या मुलीशी, लग्न करून १७६४ मध्ये तिसरा ड्यूक झाला. बंडखोराचा मुलगा म्हणून त्याला हाउस ऑफ लॉर्ड्सकडे अर्ज करावा लागला. त्यानं १७५७ च्या सुमारास बांधवलेलं धबधब्यावरचं दालन पाहायला परतीच्या वाटेवर डंकेल्ड अँड बर्नम स्टेशनला उतरा. तिथून हर्मिटेजच्या जंगलात चालत जाता येतं. वाट ओली असते, बूट घट्ट घाला.