सोलापूर : कण्हेर, अळी आणि पतंग

सोलापूरला निसर्ग पाहायला जाणारा माणूस बहुधा बार्शी रस्त्याने नान्नजला जातो. माळढोकासाठी १९७९ साली घोषित झालेल्या तिथल्या अभयारण्यात मीही एक सकाळ घालवली. काळविटांचा कळप दिसला, माळढोक दिसला नाही. मात्र या खेपेला मी निघालो होतो तो ओलिएंडर हॉक मॉथ या पतंगासाठी, आणि त्याच्या दृष्टीने गवताळ माळाला फारसे महत्त्व नाही. त्याचा संसार कण्हेरीवर चालतो, आणि कण्हेर माळावर नव्हे तर माणसांच्या वस्तीत आढळते: कुंपणाला, देवळाच्या आवारात, बागेत, आणि अलीकडे सर्वांत जास्त महामार्गाच्या दुभाजकात.

पुण्याहून सोलापूरकडे येताना दुभाजकातली गुलाबी-पांढऱ्या फुलांची रांग सगळ्यांनीच पाहिलेली असते. कमी पाण्यात तगणारी, धूर आणि ऊन सोसणारी ही झुडपे तिथे लावण्याचे आणखी एक कारण म्हणजे तिचे विष. कण्हेरीच्या पानापासून मुळापर्यंत ओलिअँड्रिनसारखी हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे एरवी समोर येईल ते ओरबाडणारी शेळीही तिला टाळते. दुष्काळी मुलुखात जनावरांपासून सुरक्षित राहणारे झुडूप म्हणजे मोठीच सोय. ज्या पानाच्या विषाने गुरे मरतात, तेच पान या पतंगाची अळी मात्र निर्धास्त खाते.

प्रौढ पतंग मला अनपेक्षित ठिकाणी भेटला. शहराबाहेरच्या एका पेट्रोल पंपाच्या भिंतीवर, रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली, तो पहाटे पंख पसरून स्वस्थ बसला होता. पसरलेल्या पंखांची रुंदी नऊ ते अकरा सेंटिमीटर, शरीर जाडजूड आणि मागे निमुळते होत गेलेले. पुढच्या पंखांवर गडद व फिकट हिरव्या रंगांच्या लाटा, त्यांमधून गेलेले पांढुरके-गुलाबी पट्टे, जणू हिरव्या संगमरवराची घोटलेली फरशी. पानांत बसला तर तो दिसणे कठीण. पंपाच्या पांढऱ्या भिंतीवर मात्र लपायला जागाच नव्हती. हे पतंग तिन्हीसांजेला उडतात आणि फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध शोषतात. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या जातीचे वर्णन केले आणि तिच्या शास्त्रीय नावातले ‘नेरी’ कण्हेरीच्या शास्त्रीय नावावरून, ‘नेरियम’वरून, घेतले. आफ्रिका व दक्षिण आशियात तिचे घर असले तरी उन्हाळ्यात काही पतंग युरोपापर्यंत मजल मारतात.

अळीचा शोध मात्र शहरातच घेतला, कारण धावत्या महामार्गाच्या मधोमध झुडपे चाळणे शहाणपणाचे नव्हे. सिद्धेश्वर तलावाच्या परिसरातल्या एका कुंपणाजवळ आधी जमिनीकडे पाहिले. हॉक मॉथच्या मोठ्या अळीची विष्ठा जाड, गडद दाण्यांसारखी असते. ती जिथे पडलेली दिसेल, तिथून सरळ वर पाहावे. पूजेसाठी फुले तोडणाऱ्या एका आजींनी विचारले, “काय हुडकालाव ओ?” अळी म्हटल्यावर त्यांनी शेंड्याकडे बोट दाखवले. “ती व्हय? दरसाल येतीय की. फुलं देवाला, पानं तिला.”

अळी हिरवीगार, बोटाएवढी होती. तिच्या दोन्ही कुशींवर पांढरी रेघ आणि ठिपके होते, शेपटाकडे लहानसे पिवळसर शिंग, आणि डोक्यामागे काळ्या किनारीचे दोन निळे-पांढरे गोल. अंड्यातून नुकती बाहेर पडलेली अळी पिवळसर असते व तिचे शिंग लांब आणि काळे असते. ते पुढे आखूड होते. फांदी हलताच ती डोके आत ओढून छाती फुगवते आणि ते गोल डोळे वटारल्यासारखे पुढे येतात. अनुभवी पक्ष्यालाही यावर क्षणभर विचार करावा लागत असणार, असे मला वाटते. पूर्ण वाढल्यावर ती तपकिरी होते, झुडपावरून उतरते आणि पाचोळ्यात सैल कोष करते.

कण्हेर तिचे मुख्य अन्न असले तरी एकमेव नाही. आमच्या लॉजच्या अंगणातल्या तगरीवरही पाने कुरतडलेली दिसली आणि जवळच एक अळी मिळाली. सदाफुलीही तिला चालते, कारण ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. मात्र तिळावर दिसणारी मोठी अळी वेगळ्या हॉक मॉथची असते. तिच्या प्रौढाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते आणि तो पोळ्यांत शिरून मध चोरतो.

कोणाला हे पाहायचे असेल तर पावसाळ्याचा उत्तरार्ध निवडावा, कारण कण्हेरीला तेव्हा कोवळी पालवी असते. नान्नज पहाटे उरकावे, ऊन चढण्याआधी शहरातली कुंपणे पाहावीत. पाने हाताळल्यावर हात धुवावेत आणि तोडलेली फांदी सोबत नेऊ नये.