पोदेराला कळतं ते सरकारला कळलं तर?

फोनवर पाळत ठेवण्याच्या कायद्याविरुद्ध सह्या मागत मी गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजारात फिरलो, तेव्हापासून शेजारचे काका आणि निम्मा वाडा एकच विचारतो : "अरे, आपल्या गावात कुणाचं काय लपून राहतं? मग सरकारला कळलं म्हणून काय बिघडलं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या पोदेराचंच घ्या, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याचं. रोज चार उंडे (गोल पाव) घेणाऱ्याने दहा मागितले की त्याला कळतं, पाहुणे आलेत. उंडे सोडून कुणी पोळी घ्यायला लागलं की ओळखतो, डॉक्टरने साखर सांगितली. (आमची पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, घाटावरच्यांनी गोंधळू नये.) पण त्याला माझं काय ठाऊक आहे, ते मला ठाऊक असतं. बिनसलं तर दुसऱ्या पोदेराची सायकल थांबवतो. शिवाय त्याच्या घरच्या चार गोष्टी माझ्याही कानावर असतातच.

कायद्यातलं ऐकणं एकतर्फी आहे. १८८५ च्या तार कायद्याची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला. डिसेंबरात तो मंजूर झाला तेव्हा शंभरावर खासदार निलंबित होते. त्याच्या कलम २० खाली फोन ऐकण्याचा हुकूम केंद्रात गृहसचिव देतो, राज्यात गृहखात्याचा सचिव. एक हुकूम ६० दिवसांचा, वाढवत १८० पर्यंत. तो योग्य होता का, हे बघणाऱ्या राज्याच्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव. म्हणजे सचिवाचा हुकूम सचिवांनीच तपासायचा! न्यायाधीश कुठेच नाही. गुन्हेगारांचे फोन ऐकू नयेत असं मी म्हणतच नाही. आधी न्यायाधीशाला विचारा, एवढंच मागणं आहे.

आणि ज्याचं ऐकलं त्याला नंतरही कळवायचं बंधन नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण हक्क मोडल्याचं कळलंच नाही तर दाद कशाची मागायची?

आजोबा सांगायचे, गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य असताना त्यांचा हुकूमशहा सालाझार याच्या अमदानीत लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून आणावी लागे. लोक चरफडत, पण शिक्का तरी डोळ्यांना दिसायचा.

गेल्या वर्षी मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. नावं नकोत, नंबर नकोत. वर्षात असे हुकूम किती निघाले, तेवढा आकडा द्या. सुरक्षेचं कारण देऊन नकार आला. अपील केलंय. नकाराची बातमी काकांना माझ्याआधी लागली होती, कारण पोस्टमन चहा त्यांच्याकडेच घेतो.