साठ हजारांचं मशीन, दोन भावांचं

साठ हजारांत गाणी करायची आहेत आणि गेमही खेळायचेत, असं सांगत ते दोघे भाऊ २०२४ च्या मे महिन्यात आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले. उरणजवळच्या करंज्याचे कोळी. मोऱ्याहून लाँचने मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरले आणि तिथून टॅक्सीने आमच्याकडे लॅमिंग्टन रोडला. थोरला बोटीवर जातो, हळदीची गाणी स्वतः रचतो आणि गातो. १ जूनला मासेमारी बंद झाली की घरी बसून रेकॉर्डिंग करायचं, असा त्याचा बेत. धाकटा कंटेनर यार्डात शिफ्टवर असतो आणि सुटी मिळाली की व्हॅलोरंट, जीटीए खेळतो. पैसे निम्मे निम्मे. मॉनिटर घरी जुना होता, तोच वापरायचा होता.

त्यांच्या हातात आधीच एक कोटेशन होतं. ‘आय सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डसह, रंगीत पंखे’, सगळं मिळून अठ्ठावीस हजार. मी विचारलं, आय सेव्हन कुठल्या पिढीचा? कागदावर ते लिहिलेलंच नव्हतं. फोन करून विचारायला लावलं तेव्हा कळलं, ३७७०. हा प्रोसेसर २०१२ सालचा. त्याच्यापेक्षा आजचा आय थ्री जोरात पळतो. विंडोज ११ ला तो अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय सुरूच होत नाही. या बाजारात हे रोज चालतं. लांबून, लाँचचं तिकीट काढून आलेल्या माणसाला ‘आय सेव्हन’ एवढे शब्द दाखवून बारा वर्षांचा माल गळ्यात मारायचा. मला याची मनापासून चीड येते.

गाणी आणि गेम या दोन कामांत एक फरक आहे, तो गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही. गेममध्ये सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. एखादी फ्रेम उशिरा आली तर डोळा सांभाळून घेतो. आवाजाचं तसं नाही. ४८,००० चा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं) आणि १२८ चा बफर (एका वेळी १२८ मोजमापांचा तुकडा) धरला, तर दर २.६७ मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा तयार हवाच. एकदा जरी चुकला की हेडफोनमध्ये ‘कट्’. ढोलकीवाल्याचा एक ठेका चुकला की सगळ्या हळदीला कळतं, तसंच. बफर १०२४ केला तर कट् थांबतं, पण मग आवाज आत येताना आणि बाहेर जाताना एकेका बाजूलाच २१ मिलिसेकंद जातात, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून येतो आणि सूर धरता येत नाही. मिक्सिंगला १०२४ चालतो, गाताना नाही. त्यामुळे अशा मशीनमध्ये पैसा आधी चुपचाप काम करणाऱ्या पार्टात घालावा लागतो.

मी कागदावर मांडलं. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, सहा कोअर, अकरा हजार. बी५५० चिपसेटचा, चार रॅम स्लॉटचा मदरबोर्ड साडेआठ. रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन कांड्या, सहा हजार. गेमला तेव्हा १६ पुरत होती, पण सॅम्पल केलेली, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेली वाद्यं रॅममध्ये चढतात. चार वाद्यं उघडली की १६ जीबी अपुरी पडते. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फायली साठवायची जागा, साडेपाच. ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, साडेचार. हवेशीर कॅबिनेट साडेतीन. आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीचं, वीस हजार. बेरीज एकोणसाठ.

एसएमपीएसवर काउंटरवरचा आमचा पोरगा मध्येच म्हणाला, “दीड हजारवाला लावा ना, पंखे रंगीत येतील उरलेल्यात.” पोरगा कामसू आहे, पण त्याला चमकणारं तेवढंच विकता येतं. प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड १३२ वॉटचं, तेव्हा लोडची अडचण नव्हती. अडचण करंज्यात पावसाळ्यात विजेची जी ये-जा असते तिची. हलका एसएमपीएस जाताना बोर्डालाही सोबत घेऊन जातो. मी त्या दोघांना घरचं अर्थिंग तपासून घ्यायलाही सांगितलं. तिसरी पिन नुसती नावाला असली की कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि तीच गुणगुण माइकच्या आवाजात उतरते. मग लोक मशीन बदलतात, मांडणी बदलतात, वायरमनला मात्र कुणी बोलवत नाही.

मग मी थोरल्याला विचारलं, गाता कशात? म्हणाला, यूएसबी माइक आहे, मित्राचा. इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, नाही. हेडफोन मोबाइलचेच.

तेव्हा मी कागद उलटा केला आणि दुसरा हिशोब मांडला. कार्ड काढून टाकायचं. ५६०० च्या जागी ५६००जी घ्यायचा, त्याच्यात ग्राफिक्स आतच असतं. कॅशे, म्हणजे प्रोसेसरची आतली झटपट मेमरी, निम्मा, ३२ ऐवजी १६ एमबी, पण व्हॅलोरंट त्यावर आरामात चालतं आणि जीटीए फाइव्हही सेटिंग कमी केल्यावर खेळण्यासारखा होतो. वाचलेल्या साडेएकोणीस हजारांत दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, बरा कंडेन्सर माइक आणि बंद कानांचे हेडफोन. कार्ड पुढच्या वर्षी, बोर्डावर जागा आहेच.

धाकटा लगेच म्हणाला, “चालेल. दादाचं गाणं आधी होऊ दे.”

थोरल्याने कागद माझ्याकडे सरकवला. “त्याचे पैशान माना माइक नको.”

मी समजावलं. मशीन एकच आहे, पार्ट कुणाच्या नावाचे नसतात. त्याने खिशातून पेन काढलं आणि पहिल्या कागदावर प्रत्येक पार्टापुढे नाव लिहीत गेला. प्रोसेसर आणि रॅम स्वतःच्या नावावर, कार्ड धाकट्याच्या, बोर्ड, एसएमपीएस, एसएसडी, कॅबिनेट दोघांच्या. बेरीज निम्मी निम्मी जमेना, धाकट्याच्या नावावर तीन हजार जास्त पडत होते. तर फरकाचे निम्मे, दीड हजार, त्याने तिथेच भावाच्या हातात ठेवले. धाकटा घेत नव्हता. मी बाजूला झालो.

पहिलंच कोटेशन ठरलं. त्याच दिवशी जोडून दिलं. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी चालू करून ३२०० वर, कारण ते राहिलं तर ३२०० ची रॅम बहुधा कमी वेगावर चालत बसते आणि मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही. प्रोसेसरच्या पंख्याचा वेग हळू चढेल असा लावला. या कार्डाचे पंखे लोड नसताना पूर्ण थांबतात, म्हणजे गाताना कार्डाचा आवाज शून्य. हे मी थोरल्याला कान लावून ऐकवलं. लाँचच्या हेलकाव्यांत कार्डाच्या वजनाने स्लॉट फाटू शकतो, म्हणून ते काढून त्याच्या खोक्यात बांधलं आणि बसवायचं कसं हे धाकट्याला माझ्यासमोर करायला लावलं. समुद्र जवळ, खारी हवा, तेव्हा मशीन खिडकीखाली ठेवू नका, हेही बजावलं.

जूनमध्ये थोरल्याचा फोन आला. आवाज कटतोय. मी त्याला लेटन्सीमॉन, म्हणजे आवाज कशामुळे अडतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवून स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलं. पट्टी लाल, आणि सगळ्यात वर नेटवर्कच्या ड्रायव्हरचं, म्हणजे नेटवर्कचा पार्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव. बोर्डाला वायफाय नव्हतं. धाकट्याने गेमसाठी बाजारातून एक स्वस्त यूएसबी वायफाय डाँगल आणून लावला होता. मी म्हटलं, तो काढा आणि दहा मिनिटं गा. काढला आणि कट् बंद. ड्रायव्हर थोडा वेळ प्रोसेसर अडवून धरत होता. गेममध्ये ते जाणवलं नसतं, २.६७ मिलिसेकंदांच्या हिशोबात लगेच जाणवलं. उपाय लॅन केबलचा. राउटर वरच्या घरी काकांकडे. धाकट्याने त्याच संध्याकाळी भिंतीवरून केबल ओढली.

मशीनचं काम झालं. पण थोरल्याने पाठवलेलं गाणं मी ऐकलं आणि तेव्हापासून स्वस्थता नाही. आवाज खणखणीत, शब्द अस्सल, आणि रेकॉर्डिंग त्या मित्राच्या माइकचं: खोलीचा घुमारा, ‘स’ टोचणारा. ३२ जीबी रॅम आणि सहा कोअर त्यावर काहीच करू शकत नाहीत. जे आत आलं नाही ते मिक्सिंगमध्ये आणता येत नाही. दुसऱ्या कागदावरचं मशीन घेतलं असतं तर हेच गाणं वेगळं वाजलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

आमचे शेठ म्हणतात, गिऱ्हाइकाने ठरवलं, माल चोख दिला, विषय संपला. मला ते पटत नाही. धाकटा तयार होता. मी आणखी पाच मिनिटं बोललो असतो तर कदाचित थोरला वळला असता. पण ते बोलणं पार्टांचं राहिलं नव्हतं, आणि दोन भावांच्या मध्ये दुकानदाराने किती बोलावं?

नारळी पौर्णिमेच्या सुमारास थोरल्याचा पुन्हा फोन आला. बोट सुरू झाली की मासळीच्या पहिल्या वाट्यातून इंटरफेस घेणार. मी त्याला दोन इनपुटचाच घ्यायला सांगितलंय, आवाज आणि ढोलकी एका वेळी घेता येतील असा, आणि तो पुढच्या यूएसबीला न लावता मागे, थेट बोर्डाच्या पोर्टला लावायचा. माइकची किंमतही सांगितली. ती ऐकून तो म्हणाला, माइक पुढच्या वाट्यात.