ओलं भंगार

जालन्याच्या एमआयडीसीत मी चार वर्षं भट्टीवर होतो. आता अंबडला दुकान टाकलंय, तरी मृगाचा पाऊस आला की लोक पेरणीचं बोलतात अन् माझ्या पोटात गोळा येतो.

इंडक्शन भट्टीत 1600 अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस. भंगार बाहेर उघड्यावर, वर फाटकी ताडपत्री. थेंबभर पाणी रसावर पडलं तर चुर्र करून उडून जातं. रसाच्या खाली गेलं की संपलं. वाफ होताना पाण्याला सतराशे पट जागा लागते, ती रस घेऊनच वर येते.

श्रावणातली रात्रपाळी. दोन्ही तोंडं चेपलेला एक पाइप भट्टीत गेला, आत पाणी. माझी पाठ होती म्हणून डोळे वाचले. पण पँट बुटात खोचलेली. हरभऱ्याएवढा रस सरळ बुटात उतरला, अन् बूट निघेपर्यंत घोट्याला भोक.

"पँट बुटावरून सोडायची असती, बाबा. कुनी सांगितलं न्हाई का?" मामा म्हणाले. नव्हतं सांगितलं. ठेकेदारानं बूट दिले, तेच उपकार! मामा आमचे जुने फर्नेसमन. भंगारातून मोटारसायकलचे शॉकअप, बंद डबे, सिलिंडर हातानं निवडून बाजूला काढायचे. त्यांच्या पाळीत कधी भट्टी उडाली नाही.

भट्टीचं अस्तर भरण्यातही मामाच पुढं. झिजलेलं खरवडायचं, नवी रॅमिंग मास, म्हणजे अस्तराची भुकटी, ठोकून बसवायची. पांढरी, कोरडी, जवळजवळ सगळी सिलिकाच. धूळ बसवायला पाणी मारावं, तर भट्टीत पाणी म्हणजे पुन्हा तेच. तोंडाला गमछा. त्यातून बारीक कण आरामात आत जातो अन् फुप्फुसात बसतो तो कायमचा.

मामांना खोकला लागला. टीबीच्या गोळ्या झाल्या, थुंकीत टीबी काही सापडला नाही. सिलिकोसिस म्हणजे याच सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. 1948च्या कारखाने कायद्यानं तो डॉक्टरांनी सरकारला कळवायच्या आजारांत घातला होता. मामांच्या कागदावर लिहिलंय 'दमा'. कुठं काम करता, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

परवा ते दुकानात आले. तीन पायऱ्या चढले अन् स्टुलावर बसून पाच मिनिटं नुसते धापा टाकत राहिले. मग माझ्या पायाकडं बोट करून म्हणाले, "दुखतंय का रं अजून?"