पांढऱ्या फुफाट्यातले पाच दिवस : सिएना ते सिएना, सायकलवर

“दाजी, नकाशावर अठ्ठेचाळीस किलोमीटर दिसतंय. दुपारच्या जेवणाला पोहोचतो आपण,” असं माझा मेहुणा इटलीतल्या सिएना स्टेशनाबाहेर म्हणाला, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ब्वोनकोन्वेन्तोला आम्ही टेकलो संध्याकाळी साडेपाचला. जेवण मिळालं साडेसातनंतर, कारण त्याआधी तिथल्या खानावळींत चूलच पेटत नाही. मधल्या वेळात चौकातल्या बाकावर बसून घरून आणलेल्या चकल्या खाल्ल्या.

या भागात जाणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच ध्यानात ठेवावं. इथे अंतर बघून दिवस आखू नका, चढ बघून आखा. तोस्कानाच्या (टस्कनीच्या) या टेकड्यांत मोठा घाट असा कुठे नाही. शंभर मीटर चढायचं, ऐंशी उतरायचं, पुन्हा शंभर चढायचं, असं दिवसभर चालतं. आपल्याकडे कसारा एकदा चढलात की चढलात. इथे तोच कसारा तुकडे करून दिवसभर वाढतात, आणि काही तुकडे पंधरा टक्क्यांचे निघतात.

मेहुणा म्युनिकला असतो, मी नाशिकहून गेलो होतो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. आम्ही धरला तो एरोइका या सायकलफेरीचा कायमस्वरूपी मार्ग : सुमारे 209 किलोमीटर, एकूण चढाई साडेतीन हजार मीटरच्या पुढे आणि निम्म्याच्या आसपास रस्ता कच्चा. मूळ सुरुवात गायोले इन कियान्ती या गावातून होते, पण वळसा गोल असल्याने कुठूनही शिरता येतं. रेल्वेच्या सोयीसाठी आम्ही सिएना निवडलं.

हे कच्चे रस्ते म्हणजे ‘स्त्रादे ब्यांके’, पांढरे रस्ते. आपल्या मुरमाच्या रस्त्याचेच चुलतभाऊ, फक्त रंगाने गोरे. एकेकाळी त्यांच्यावर डांबर पडत चाललं होतं. ते थांबावं म्हणून जांकार्लो ब्रोच्ची यांनी 1997 मध्ये जुन्या सायकलींची एरोइका नावाची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी 92 जण आले. आता दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हजारोंनी येतात. सायकल 1987 च्या आधीची हवी, ही अट. त्या रविवारच्या आसपास गायोलेत खोली मिळेल या आशेवर जाऊ नका. व्यावसायिक सायकलपटूंची ‘स्त्रादे ब्यांके’ नावाची शर्यत 2007 पासून, ती आता मार्चमध्ये असते.

सायकल आम्ही सिएनातच भाड्याने घेतली. पेडल आणि बूट मात्र घरचे नेले, त्याचा फार उपयोग झाला. टायर 40 मिलिमीटरचे मागा आणि ट्यूबलेसच मागा. दुकानदार हवा दाबून भरून देतात. पहिल्याच कच्च्या पट्ट्यावर दात वाजायला लागले तेव्हा आम्ही ती कमी केली आणि जिवात जीव आला. मागचं सगळ्यात मोठं दातेरी चक्र पुढच्या सगळ्यात लहान दातेरी चक्राएवढं तरी हवंच, त्याहून मोठं असलं तर उत्तम. “मी जिममध्ये जातो” वगैरे इथे चालत नाही. सुट्ट्या खडीवर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढावं लागतं, आणि बसून चढायला हलका गिअर लागतो.

दुसऱ्या दिवशी कास्तिल्योन देल बोस्कोचा चढ. सावली बरी होती, पण रस्ता काही ठिकाणी नालीदार पत्र्यासारखा. मागून एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत द्राक्षांचे क्रेट. फुफाटा इतका की दोन मिनिटं आम्ही एकमेकांना दिसलो नाही. तो बसल्यावर बघतो तर बांधालगतच्या ओळीत तोडणी चाललेली. पिंपळगाव बसवंतला आमच्या मामांची बाग आहे, त्यामुळे माझे पाय आपोआप थांबले. एका बाईने तोडलेला घड पुढे केला. सांजोव्हेसे या इथल्या वाइनच्या द्राक्षाचा मणी आपल्या थॉमसन द्राक्षापुढे अगदीच किरकोळ : जांभळट, जाड सालीचा, आत कडवट बिया. गोड मात्र असा की बोटं चिकट झाली आणि गांधीलमाश्या आमच्यामागे लागल्या.

मामा असते तर त्यांनी आधी वेल बघितले असते. इथे मांडव नाही आणि ‘वाय’ आकाराचा आधारही नाही. कमरेएवढ्या तारेवर वेल एका रांगेत उभे, माणूस वाकून तोडतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असं दोन वेळचं गणित इथे नाही. थंडीत वेल झोपतो, तेव्हा एकदाच छाटायचा. “वर्षातून एकदाच? मग बाकीचे दिवस करतात काय?” हा मामांचा फोनवरचा प्रश्न मी त्या बाईंना विचारू शकलो नाही, तेवढं इटालियन मला येत नव्हतं.

मोंताल्चीनो 564 मीटरवर आहे आणि ब्वोनकोन्वेन्तो खाली नदीकाठी दीडशेच्या आसपास, म्हणजे काय ते समजा. ब्रुनेल्लो ही वाइन इथली, निव्वळ सांजोव्हेसेची. चाखायची असेल तर सायकल दिवसभरासाठी लावून झाल्यावर चाखा. इटलीत सायकल हेही वाहनच, प्यायलेल्या स्वाराला कायदा लागू होतो. शिवाय उताराची खडी कायद्याहून कडक आहे.

तिसऱ्या दिवशीची फजिती आमची आम्हीच ओढवून घेतली. रात्री पाऊस झाला होता. एरोइकाच्या पाट्या सरळ अशानोकडे नेत होत्या, आणि मोबाइलने शेतातून जाणारी वाट दाखवली, चार किलोमीटर वाचवणारी. अशानोभोवतीचा हा मुलूख म्हणजे क्रेते सेनेसी. प्राचीन समुद्राच्या तळाची करडी चिकणमाती, नांगरलेली, झाड क्वचितच. बघायला चंद्रावर आल्यासारखं. शेपन्नास मीटरवर पुढचं चाक फिरायचं थांबलं. फोर्क आणि टायरमधली फट मातीने भरून गेली होती. सायकल उचलावी तर दुप्पट जड. डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, गोळा झालेला.

“दाजी, ही तर आपली काळी माती!” मेहुणा ओरडला. खरंच तीच. रंग उतरलेला, चिवटपणा तोच. पावसानंतर काळ्या रानात सायकल घालायची नसते हे नाशिक जिल्ह्यातल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही, आणि आम्ही दोघं तेच करून बसलो होतो. ऑलिव्हची काडी मोडून माती उकरत, दहा पावलं चालत, पुन्हा उकरत दोन किलोमीटरला दीड तास गेला. या अवस्थेत गिअर बदलू नका किंवा जोर लावून पेडल मारू नका, डिरेलर जिथे अडकवलेला असतो तो हँगर वाकला तर गावात सुटा भाग मिळायचा नाही. आम्ही साखळीला हातसुद्धा लावला नाही, सायकली खांद्यावर घेतल्या. पांढरा रस्ता पावसानंतरही चालतो, खडी असल्याने पाणी झिरपतं. शेतातली वाट नाही चालत. पाऊस झाला असेल तर जवळची वाट विसरा, पांढरा किंवा डांबरी रस्ताच धरा.

माती धुतली एका दफनभूमीच्या नळावर. हा नळ लक्षात ठेवा. गाव कितीही लहान असलं तरी दफनभूमी असते आणि तिथे फुलांसाठी नळ असतो. ‘नोन पोताबिले’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. सप्टेंबरातही दोन बाटल्या कमी पडतात, तीन न्या. दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती चारनंतर उघडतात, रविवारी त्याचीही खात्री नाही. खाण्याचं सकाळीच बांधून घ्यावं.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. रिबोल्लिता म्हणजे घेवडा, काळा कोबी आणि शिळा पाव घालून शिजवलेलं दाट कालवण. कधी त्यात मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्या. पिची हा हाताने वळलेला जाड शेवयांसारखा पास्ता, लसूण-टोमॅटोच्या रश्शात ‘आल्योने’ म्हणून मिळतो. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज बहुधा प्राणिज रेनेटने (दूध गोठवणाऱ्या पदार्थाने) केलेलं असतं, काटेकोर असाल तर टाळा. पावात मीठच नसतं. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं विसरले. तिसऱ्या दिवसापासून त्याला बायकोने दिलेली शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली. असं आक्रीत त्या पावाच्या वाट्याला आधी आलं नसावं.

चौथ्या दिवशी अशानोहून मोंते सांते मारिये. साडेअकरा किलोमीटरचा हा कच्चा पट्टा शर्यतीतला मातब्बर समजला जातो. तीनदा जिंकलेल्या फाबियान कान्चेलाराचं नाव त्याला दिलंय, वाटेत त्याचा दगडही आहे. तिथे फोटो काढण्याच्या निमित्ताने पाय टेकता येतात, दगडाचा तोच मोठा फायदा. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही. गाडी उजवीकडून चालवायची हे सरळ रस्त्यावर लक्षात राहतं. वळणावर, दमल्यावर आपण डावीकडे जातो. मी दोनदा गेलो.

कियान्तीतला भाग त्यानंतर सोपा वाटला. कास्तेल्नुओव्होच्या पुढे ओक-चेस्टनटची राई सुरू होते. शिकारीचा हंगाम सप्टेंबरातच उघडतो, पहाटे बंदुकीचे बार ऐकू येतात, म्हणून अंगात भडक रंग हवा. अंधारात गावाबाहेर चमकणारं जाकीट तर सक्तीचंच आहे. गायोलेनंतर सायप्रसच्या रांगांतून ब्रोलिओच्या किल्ल्याकडे जाणारा चढ कुणी चुकवू नये. हा किल्ला रिकासोली घराण्याचा. यातल्याच बेत्तिनो रिकासोली यांनी, जे इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले, 1872 मध्ये कियान्ती वाइनचं मिश्रण पत्रात लिहून ठेवलं.

रेल्वेचं थोडक्यात : फिरेन्झेहून (फ्लॉरेन्सहून) सिएनाला रेजोनाले, म्हणजे प्रादेशिक गाडीने दीड तास. सायकलचं वेगळं तिकीट, आम्ही गेलो तेव्हा साडेतीन युरो. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. वेगवान गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत भरल्याशिवाय घेत नाहीत. सिएना स्टेशन खाली आणि शहर टेकडीवर आहे. समोरच्या मॉलमधून सरकते जिने वर जातात, पण आम्ही सायकल घेऊन रस्त्यानेच चढलो.

शेवटी शर्यतीतला व्हिया सांता कातेरीनाचा सोळा टक्क्यांचा दगडी चढ होताच. मेहुणा अर्ध्यावर उतरला. मीही उतरलो असतो, पण वर उभी असलेली एक आजी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती.

सायकल परत देताना दुकानातल्या पोराने मागच्या चाकाजवळच्या दांडीच्या, चेनस्टेच्या, आतल्या कोपऱ्यात बोट घातलं आणि वाळलेल्या करड्या मातीची खपली काढली. “अशानो?” आम्ही मान हलवली. “पावसात?” पुन्हा मान हलवली. त्याने काही न बोलता पाण्याची नळी आमच्या हातात दिली.