जुने हातातले खेळ आणि पडद्याचे गणित

माझ्या टेबलाच्या खणात हातात धरून खेळायची पाच यंत्रे आहेत, आणि घरी येणारा प्रत्येक मित्र ती पाहून हमखास विचारतो, की यांतले सर्वांत चांगले कोणते. हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला जातो, असे माझे मत आहे. आपल्याला कोणते खेळ खेळायचे आहेत हे आधी ठरवावे, ते खेळ मुळात किती पिक्सेलच्या पडद्यासाठी रेखाटले होते हे नंतर पाहावे, आणि यंत्राकडे त्यानंतर वळावे. प्रोसेसर आणि रॅमचे आकडे जाहिरातीत शोभून दिसतात, परंतु निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या जुन्या यंत्राचे खेळ चालवायला आजच्या कोणत्याही साध्या फोनच्या ताकदीचा अगदी लहानसा अंश पुरतो. खरा फरक पडतो तो पडद्याने, बटणांनी आणि यंत्र मिटून खिशात टाकण्याच्या सोयीने.

आपल्याकडच्या वाचकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नव्वदच्या दशकात आपल्या हातात आला तो ब्रिक गेम, म्हणजे ‘९९९९ इन १’ असे छातीठोकपणे लिहिलेला आणि प्रत्यक्षात ठोकळे रचायचे तेच ते चार-दोन खेळ देणारा. खरा गेम बॉय ज्याचा काका आखातात किंवा अमेरिकेत असे, त्याच्याच घरी दिसे. पुढे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळले ते संगणकावर, एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लावून, कीबोर्डच्या बाणांवर. त्यामुळे जपानी किंवा अमेरिकी माणसाला मूळ यंत्राच्या प्लास्टिकचीही ओढ असते तशी आपल्याला असेलच असे नाही. आपली आठवण खेळाशी बांधलेली आहे, यंत्राशी नाही, आणि निवड करताना हे मोकळेपण फार उपयोगी पडते.

आता पडद्याकडे येतो. १९८९ साली आलेल्या गेम बॉयचा पडदा १६०×१४४ पिक्सेलचा होता, आणि १९९८ च्या गेम बॉय कलरचाही तेवढाच. २००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा पडदा २४०×१६० झाला, म्हणजे केवळ मोठा नव्हे, तर आकारानेही आडवा. त्या काळचा चित्रकार एकेक पिक्सेल हाताने बसवत असे. पात्राचा डोळा म्हणजे पुष्कळदा एखाददुसरा पिक्सेल. असे चित्र मोठे करायचे तर ते पूर्ण पटीत मोठे व्हावे लागते, दुप्पट किंवा तिप्पट; अडीचपट केले की घोटाळा सुरू होतो.

उदाहरणार्थ, बाजारात सर्वाधिक दिसणारी स्वस्त चिनी यंत्रे ६४०×४८० पिक्सेलच्या पडद्याची असतात. मियू मिनी प्लस हे त्यांतले माझ्या आवडीचे, आणि त्याच्यावर हौशी लोकांनी तयार केलेली ‘ओनियन’ ही प्रणाली टाकली की ते दुप्पट चांगले होते. गेम बॉयचे चित्र या पडद्यावर तिप्पट केले, तर ४८०×४३२ होऊन छान बसते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे चित्र मात्र दुप्पट केले तर ४८०×३२० होऊन चारी बाजूंना काळी चौकट उरते, आणि रुंदीभर ताणले तर पट होते सुमारे २.६७. मग काही पिक्सेल दोन ठिपके रुंद होतात, काही तीन, आणि पात्र चालू लागले की मागची विटांची भिंत पाण्यात पाहावी तशी लहरत सरकते. हे एकदा डोळ्यांत भरले की पुन्हा दिसेनासे होत नाही, म्हणून ज्याला अजून ते खटकलेले नाही, त्याने मी सांगितले ते विसरून जावे.

यावर उपाय असा, की २४०×१६० ला नेमका भाग जाणारा पडदा शोधायचा. अ‍ॅनबर्निक कंपनीच्या ‘आरजी ३४ एक्सएक्स’ या यंत्राचा ३.४ इंची पडदा ७२०×४८० चा आहे, म्हणजे बरोबर तिप्पट. चित्र काठोकाठ भरते, एकही पिक्सेल वेडावाकडा होत नाही, आणि यंत्राचा बाह्य आकारही पहिल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससारखाच आहे. गेम बॉयचे चित्रही त्यावर तिप्पट बसते, फक्त चारी बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. अ‍ॅनालॉग पॉकेट या, जुन्या खेळांच्या अस्सल कॅसेट चालवणाऱ्या नव्या यंत्राचा हिशेब याहून ऐटबाज आहे : ३.५ इंची पडद्यात १६००×१४४० पिक्सेल कोंबलेले, म्हणजे गेम बॉयच्या बरोबर दहापट, आणि एवढ्या ठिपक्यांत प्रत्येक मूळ पिक्सेलभोवतीची बारीक जाळीसुद्धा दाखवता येते. पडदा इतका दाट झाला की अपूर्ण पटीचा दोषही जवळजवळ नाहीसा होतो. हे गणित खरे छळते ते कमी पिक्सेलच्या स्वस्त पडद्यांवर.

पटीइतकाच रंगांचा प्रश्न नाजूक आहे, आणि त्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. पहिल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता. खोलीतला उजेड परतवून तो चित्र दाखवी, आणि ते चित्र काळवंडलेले दिसे. यंत्राबरोबरच आलेला ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेतला खेळ इतका अंधारा होता, की दिव्याखाली बसूनही भिंत कुठे संपते आणि शत्रू कुठे सुरू होतो हे कळत नसे. पुढे पुष्कळ खेळांचे रंग मुद्दाम भडक ठेवले जाऊ लागले, म्हणजे त्या पडद्यावर ते जेमतेम योग्य दिसतील. तेच खेळ आजच्या प्रकाशमान पडद्यावर लावले की गवत विषारी हिरवे आणि आकाश फिकट पांढुरके दिसते. बहुतेक एम्युलेटरमध्ये रंग मूळ पडद्यासारखे करून दाखवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. तसेच पहिल्या गेम बॉयच्या पडद्यावर हलणाऱ्या वस्तूमागे पुसट छाया रेंगाळत असे, आणि काही खेळांनी या दोषाचाच फायदा घेतला होता : एखादी आकृती एका फ्रेमआड दाखवली की ती अर्धपारदर्शक भासे. आजच्या चपळ पडद्यावर तीच आकृती नुसती लुकलुकते.

मूळ यंत्रच घ्यावे, असे म्हणणाऱ्यांविषयी मला आदर आहे, आणि घ्यायचेच असेल तर २००३ चा घडीचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी घ्यावा, तोही २००५ मध्ये आलेल्या, पडद्यामागून उजेड देणाऱ्या आवृत्तीचा. गेम बॉय, गेम बॉय कलर आणि अ‍ॅडव्हान्स, तिन्हींच्या कॅसेट त्यात चालतात, पेन्सिल सेल लागत नाहीत, मिटले की पडदा सुरक्षित राहतो. हेडफोनसाठी साधी खाच मात्र त्याला नाही; ही कंजुषी कोणाला सुचली, कोण जाणे. पण कॅसेटचा बाजार खोटेपणाने भरलेला आहे. नकली कॅसेटचे लेबल पुष्कळदा अस्सलपेक्षा चकचकीत असते आणि चाळीस तास खेळलेला डाव ती एका रात्रीत विसरते. अस्सल कॅसेटही निर्धोक नाही; गेम बॉयच्या अनेक कॅसेटींत डाव जपण्यासाठी एक बटन सेल आत सोल्डर केलेला असतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनी तो संपला की जपलेला डावही जातो.

ज्याच्याकडे अस्सल कॅसेट आहेत पण जुन्या यंत्राची देखभाल नको आहे, त्याच्यासाठी अ‍ॅनालॉग पॉकेट योग्य. त्यातली एफपीजीए चिप (जिची आतली जोडणी हवी तशी बदलता येते) मूळ यंत्राच्या सर्किटाचीच नक्कल उभी करते, त्यामुळे बटण दाबणे आणि पात्राने उडी मारणे यांत ताटकळणे जाणवत नाही. किंमत मात्र स्वस्त चिनी यंत्राच्या कितीतरी पट आहे, आणि भारतात मागवायचे तर वर वाहतूक आणि कस्टम्स. कॅसेट नसलेल्या माणसाने हे यंत्र घेणे मला तरी हौसेच्या पुढचे वाटते.

स्वस्त यंत्रांविषयी एक इशारा अनुभवातून देतो. माझ्या पहिल्या यंत्राबरोबर विक्रेत्याने हजारो खेळ भरलेले एक बिननावाचे मेमरी कार्ड दिले होते. दोन महिन्यांत ते मेले आणि माझे सगळे डाव घेऊन गेले. तेव्हापासून यंत्र आले की आधी चांगल्या कंपनीचे कार्ड बसवायचे, हा माझा नियम आहे. शिवाय त्या फुकट खेळांना कोणाचीही परवानगी नसते. आपल्या कॉपीराइट कायद्यात, स्वतःकडच्या वैध प्रतीवरून हानीपासून संरक्षण म्हणून संगणक प्रोग्रॅमची राखीव प्रत काढण्याला मर्यादित मुभा आहे. विक्रेत्याने वाटलेला ढीग त्यात बसत नाही. कॅसेटमधला खेळ संगणकावर उतरवून घेणारी छोटी उपकरणे मिळतात, आणि मी तोच मार्ग धरला आहे.

फोन नको का, असे विचाराल तर तो आधीच खिशात आहे, ही त्याची मोठी बाजू. एप्रिल २०२४ पासून अ‍ॅपलनेही आपल्या दुकानात एम्युलेटरना वाट दिली, त्यामुळे आयफोनचीही अडचण उरली नाही. सावकाश चालणाऱ्या, आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या खेळांना फोन उत्तम आहे. उड्या मारायच्या खेळात मात्र काचेवर अंगठा कुठे आहे ते बोटाला कळत नाही, आणि खड्ड्यात पडण्याचा दोष पात्राला देता येत नाही.

वरचे सगळे विवेचन गेम बॉयच्या घराण्यापुरते. निन्टेन्डो डीएसचे दोन पडदे, त्यातला एक स्पर्शाचा, एका पडद्याच्या यंत्रावर शेजारी शेजारी लावून खेळणे ही शिक्षा आहे; त्यासाठी जुना डीएस लाइटच शोधावा. त्याच्या पुढच्या पिढीच्या थ्रीडीएसवरही ते खेळ चालतात, पण २५६×१९२ चे चित्र २४० उंचीपर्यंत ताणले जाऊन धूसर होते. खेळ सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरले की ते मूळ आकारात, जरा लहान पण स्वच्छ दिसते. सोनीचा पीएसपी आपल्याकडे रीतसर विकला गेला, म्हणून अनेकांच्या कपाटात तो अजून असेल. बाहेर काढण्याआधी त्याची बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहावे. त्याचे जड खेळ स्वस्त यंत्रांवर अडखळतात. त्या खेळांसाठी मला सोनीचाच पुढचा व्हीटा सर्वांत आवडतो, कारण पीएसपीचा ४८०×२७२ आणि व्हीटाचा ९६०×५४४, म्हणजे पुन्हा नेमकी दुप्पट.

माझ्यापुरते सांगायचे तर रोज खिशात असते ते ७२०×४८० चे चिनी यंत्र. पाचांपैकी एक जुना, प्रकाश नसलेला गेम बॉय अ‍ॅडव्हान्स मात्र मी एकाच खेळासाठी ठेवला आहे. ‘बोकटाई’ या २००३ च्या खेळाच्या कॅसेटमध्ये सूर्यप्रकाश मोजणारा सेन्सर आहे, आणि पिशाचांना मारणारी बंदूक खऱ्या उन्हानेच भरते. एम्युलेटरमध्ये ऊन बटणाने कमीजास्त करता येते, पण त्यात काही राम नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी ते यंत्र घेऊन मी गच्चीवर जातो. फोनचा पडदा जिथे काळा ठिक्कर दिसतो, त्या उन्हात हा एरवी आंधळा वाटणारा पडदा अगदी स्वच्छ उजळतो.