अकिहाबारातल्या काचा आणि क्योतोतली लाकडी पेटी

अकिहाबारा, म्हणजे टोकियोतला कॉमिक्स-कार्टूनच्या दुकानांनी भरलेला भाग, मला आवडलं नाही. हे वाचून अर्धे मित्र मला अनफॉलो करतील, करू देत. कॉमिक्स, अ‍ॅनिमे, रोबो असलं सगळं आवडणाऱ्या माणसाने टोकियोत जाऊन अकिहाबाराला नावं ठेवायची म्हणजे पंढरपुरात जाऊन गर्दीबद्दल कुरकुरण्यासारखं आहे, पण मी दोन्हीकडे कुरकुरलोय.

त्रास कशाचा झाला सांगतो. सगळं काचेच्या आत. एकावर एक मजले चढत जायचं, प्रत्येक मजल्यावर काचेची कपाटं, आत खोक्यातून कधीच बाहेर न काढलेल्या फिगर्स (म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती), आणि किमती अशा की थोड्या वेळाने मी येनचे रुपये करणंच सोडून दिलं. मंगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, नवी पुस्तकं प्लास्टिकमध्ये सीलबंद, म्हणजे चाळून बघायची पण सोय नाही. लहानपणी रद्दीच्या दुकानात उकिडवं बसून इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ (म्हणजे फॅंटम) फुकटात वाचून काढणाऱ्याला हे झेपत नाही हो. लोक फोटो काढत होते, पिशव्या वाहत होते, गाशापोनच्या, म्हणजे छोटी खेळणी देणाऱ्या, मशीनमध्ये नाणी टाकून मूठ फिरवत होते (मीपण फिरवली, टोपी घातलेलं प्लास्टिकचं मांजर निघालं, कुठल्या मालिकेतलं देव जाणे), पण वाचताना एक माणूस दिसेल तर शपथ.

त्यातल्या त्यात जीव रमला तो स्टेशनला चिकटून, रुळांखाली असलेल्या बोळातल्या टपऱ्यांमध्ये. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं एवढीच जागा, आणि तिथे सुट्टे रेझिस्टर, स्विच, वायरी डब्या-डब्यांतून मांडून म्हातारे दुकानदार बसलेले. महायुद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांचा काळाबाजार भरायचा, त्यातून हे उभं राहिलं, मग टीव्ही-फ्रिज आले, मग कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरच्या मागोमाग गेम आणि अ‍ॅनिमेवाली पोरं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हिंडलेल्या माणसाला इथे एकदम घरी आल्यासारखं होतं. पण तिथे फोटो काढायला कुणी थांबत नव्हतं.

मुक्काम मामेभावाकडे, निशिकासाईला. टोकियोतला हा भाग आपल्या लोकांनी इतका भरलाय की दुकानात तूरडाळ मिळते, आणि २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक जिथून नगरसेवक झाले तो एडोगावा वॉर्ड हाच. वहिनीने पहिल्या रात्री मुगाची खिचडी आणि पापड समोर ठेवले तेव्हा विमानातलं सगळं माफ केलं मी. दादाचं मात्र एकच पालुपद. "अरे चाळिशी आली तुझी, अजून बाहुल्याच बघत फिरतोयस?" फिगर्सना तो बाहुल्याच म्हणतो. मी भांडत नाही, कारण राहायला-खायला फुकट होतं.

पुढे क्योतो. रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला, त्यामुळे तो घेण्यात काही अर्थ उरला नव्हता, सुटं तिकीट काढलं. तेच एका बाजूचं चौदा हजार येनच्या आसपास. सव्वादोन तासांत क्योतो. फुजी दिसला नाही, ढग होते. क्योतोत सोनेरी मंदिर, लाल कमानी, बांबूचं बन, हरणं बघायला नारा, सगळं रीतसर केलं, फोटो आहेत, त्यावर लिहिणारे शेकड्याने आहेत.

मला लिहायचंय ते मंगा म्युझियमबद्दल. कारासुमा ओइके स्टेशनवरून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर एक जुनी शाळा लागते. खरोखरची शाळा, तात्सुइके प्राथमिक शाळा, १८६९ मध्ये सुरू झालेली. शहराच्या मध्यभागात मुलंच उरेनात म्हणून १९९५ मध्ये बंद झाली. आपल्याकडे अशा जागेचं काय झालं असतं ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहितीये. त्यांनी काय केलं, तर शहर आणि तिथलं सेइका विद्यापीठ यांनी मिळून २००६ मध्ये तिथे मंगाचं संग्रहालय काढलं. साधारण तीन लाख वस्तूंचा साठा आहे म्हणे, पण मला त्या आकड्याचं काही नाही. मला कौतुक वाटलं ते पन्नासेक हजार पुस्तकांचं, जी व्हरांड्यातून, जिन्याच्या कडेने, वर्गांच्या बाहेर उघड्या मांडण्यांवर ठेवलीयेत. काच नाही, कुलूप नाही, प्लास्टिक नाही. काढा, वाचा, ठेवा.

आणि लोक वाचत होते! लाकडी जमीन करकरते, त्यावर मोजे घातलेली पोरं भिंतीला टेकून बसलेली, जिन्याच्या पायरीवर ऑफिसच्या कपड्यातली एक बाई, बाहेर हिरवळीवर पालथे पडलेले लोक. एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचेच असणार, शेजारी आठ-दहा खंडांची चळत रचून एकेक संपवत होते, आणि मध्येच एकटेच फिस्सकन हसायचे. मी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसलो. "अजून कॉमिक्स वाचतोस?" हा प्रश्न या माणसाला शेवटचा कधी विचारला गेला असेल? बहुतेक कधीच नाही. मला जपानी येत नाही, तरी एक खंड काढला, उजवीकडून डावीकडे चित्रं बघत गेलो, अर्धी गोष्ट कळली, उरलेली मी रचली.

तेवढ्यात कुठूनतरी लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला, टक् टक् टक्, आणि पोरं उठून पळायला लागली, म्हणून मीपण गेलो. एका खोलीत कामिशिबाईचा खेळ होता. कामिशिबाई म्हणजे कागदी चित्रांचं नाटक. साधारण १९३० पासून कामिशिबाईवाले सायकलच्या कॅरियरला लाकडी पेटी बांधून गल्लोगल्ली हिंडायचे, लाकडी पट्ट्या वाजवून पोरं गोळा करायचे, आधी गोळ्या-चॉकलेटं विकायचे (जो विकत घेईल तो पुढे बसणार, बाकीचे मागे), आणि मग पेटीची दारं उघडून गोष्ट सांगायचे. एकेक चित्र बाजूने ओढून काढायचं, मागचं दिसायला लागतं, आणि बोलायचा मजकूर चित्रांच्या पाठीवर. ऐन रंगात आलं की "पुढचं उद्या" म्हणून पेटी बंद. पोटापाण्याचा धंदा होता तो, कला वगैरे नंतर लोक म्हणायला लागले. घराघरात टीव्ही आला आणि धंदा बसला, चित्रं काढणारे बरेचसे मंगाकडे वळले. भुतांच्या गोष्टींचा बादशहा शिगेरू मिझुकी त्यातलाच, लढाईत डावा हात गेलेला माणूस, उजव्या हाताने कामिशिबाईची चित्रं काढत काढत मंगात आला.

सादर करणारा माणूस उत्साही होता, कोण कुठून आलंय ते विचारलं, मी "इंदो" (म्हणजे भारत) म्हटल्यावर त्याने "करी!" अशी आरोळी ठोकली, मी हसलो, दुसरं काय करणार. मग पेटीची दारं उघडली आणि पहिल्याच चित्रात सोन्याची कवटी. कवटीचंच तोंड असलेला, झूल पांघरलेला, कमरेवर हात ठेवून खदाखदा हसणारा हिरो! हा ओगोन बॅट, सोनेरी वटवाघूळ. नुसतं वाचून माहीत होता, समोर पहिल्यांदा बघितला. १९३०-३१ च्या सुमारास हा कामिशिबाईतच जन्मला, म्हणजे सुपरमॅन १९३८ मध्ये उडायच्या कितीतरी आधी हा टोकियोच्या गल्ल्यांत उडत होता. सुपरहिरो हा अमेरिकेचा शोध आहे असं छातीठोक सांगणारे जे आहेत ना, त्यांना मला या खोलीत आणून बसवायचंय.

त्या माणसाची गंमत हातात होती. चित्र सरळ ओढून काढायचा नाही. अर्धंच ओढायचा, मागच्या चित्राचा एक कोपरा दिसायचा, राक्षसाचा नुसता पंजा, तिथे थांबायचा, पोरांकडे बघायचा, पोरं किंचाळायची, मग सर्रकन उरलेलं. कधी पेटीच हलवायचा, झाला भूकंप. पॅनेल म्हणजे काय, पान कुठे उलटायचं, काय दाखवायचं आणि काय झाकायचं, कॉमिक्सचं सगळं व्याकरण त्या दोन हातांत होतं.

आणि मला पिंगुळी आठवली. कुडाळजवळची. माझं आजोळ त्याच बाजूचं, आणि आमच्याकडे पिंगुळी म्हटलं की राऊळ महाराजांचा मठ, बस. पण त्याच पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे, आहेत. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. देवळात बसायचं, वीणा, टाळ, हुडुक यांची साथ, गात गात एक चित्र दाखवायचं, ते झालं की पुढचं. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळं ठरलेली होती. लहानपणी देवळात असा एक खेळ मी मामाच्या मांडीवर बसून बघितलाय, राक्षसांचे डोळे तेवढे आठवतात, हे एवढे मोठे, नाकाच्याही बाहेर आलेले. चेहरा एका बाजूने, डोळा सरळ आपल्याकडे.

मग सांगा, हे कॉमिक्स नाही तर काय आहे? तरी मी आपल्याकडच्या ज्या ज्या कॉमिक मेळाव्यांना गेलो तिथे मला एक चित्रकथी बसलेला दिसला नाही. तिकिटाला हजारभर रुपये, आत जायला ऊन खात रांग, आतमध्ये अमेरिकन सिनेमाचे टी-शर्ट आणि कप, स्टेजवर कुठल्यातरी वेबसिरीजचं प्रमोशन, आणि स्वतःची कॉमिक्स स्वतः छापून आणलेली पोरं स्वच्छतागृहाशेजारच्या टेबलावर. आवडत्या पात्राचा वेष करून येणाऱ्या कॉस्प्लेवाल्या मुलांवर माझा राग नाही, थर्माकोलचं चिलखत घालून मुंबईच्या उकाड्यात उभं राहायला खरंच प्रेम लागतं. राग आहे तो, फॅन म्हणजे गिऱ्हाईक असं ज्यांनी ठरवून टाकलंय त्यांच्यावर. पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बातम्यांत लोककला लोककला चाललं होतं. लोककला आहेच. पण ती आमची पण आहे ना, कॉमिक्सवाल्यांची! पिंगुळीत चित्रकथीबरोबर कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ पण आहेत. दादाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे बाहुल्याच."

शेवटी ताकाराझुका, ओसाकाच्या पलीकडे. तिथे ओसामु तेझुकाचं संग्रहालय, १९९४ मध्ये उघडलेलं, दारात त्याच्या अग्निपक्ष्याचा पुतळा. हा माणूस शिकला डॉक्टरकी आणि आयुष्यभर काढली कॉमिक्स. लहानपणी किड्यांचा नाद, त्याने काढलेली किड्यांची चित्रं बघून मी गार पडलो. १९५२ पासूनचा त्याचा अ‍ॅटम, म्हणजे अ‍ॅस्ट्रो बॉय, मेलेल्या मुलाच्या जागी बापाने बनवलेला रोबो, आणि मूल वाढत नाही म्हणून त्याच बापाने विकलेला. आता आपल्याकडे १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी नाव बदलून, आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप म्हणून मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तो किस्सा मला फार प्रिय आहे. पण त्यानंतरची आपली बरीचशी विज्ञानकथा फळ्यासमोर उभी राहिली, आधी सिद्धांत समजावायचा, मग वेळ उरला तर माणसं. तेझुका रोबोला आधी रडवतो, मशीनचं मग बघू. मला ते जास्त पटतं, भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडा.

तळघरात स्वतः चित्रं काढून छोटंसं अ‍ॅनिमेशन करायची सोय आहे. सगळी सात-आठ वर्षांची पोरं आणि मध्ये मी. मी वेताळ काढला, बुरखा, चड्डी, कवटीची अंगठी, सगळं. तिथली मदतनीस मुलगी वाकून बघत म्हणाली, "बॅटमॅन?" आता हे काय मी सोडतो होय? नाही म्हटलं, हा फॅंटम, १९३६ चा, बॅटमॅनच्या आधीचा, पण तुमचा ओगोन बॅट याच्याही आधीचा, आमच्याकडे हा मराठीत यायचा, आणि मोबाईलवर तारखा काढून तिला दाखवायला लागलो, ती बिचारी मान डोलावत होती, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरीच्या आईने घड्याळ बघून मोठ्याने घसा खाकरला.